वाचकांचे प्रश्न : पिकअपचा ऑइल फिल्टर, स्वस्त आणि खात्रीचा

चतुर्थीपूर्वी गाडीची सर्व्हिसिंग उरकून घेण्याची घाई आपल्याकडे दरवर्षीच असते. त्यामुळेच की काय, या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे डिझेल पिकअपच्या ऑइल फिल्टरविषयीच आहेत. ती थोडी आवरून येथे एकत्र दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. परंतु पुढच्या बऱ्याच शंका त्यातच मिटतात.

प्रश्न : माझ्याकडे २०१६ सालची, अडीच लिटर डिझेल इंजिनाची पिकअप आहे. कुळागरातली सुपारी आणि नारळ, व हंगामात काजू, फोंड्याला ‘बागायतदार’ या सहकारी संस्थेत पोहोचवणे हे तिचे मुख्य काम. वॉरंटी कधीच संपली आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्या खेपेस तेल आणि फिल्टर बदलण्याचे बिल साडेपाच हजारांवर गेले. म्हापशाच्या एका दुकानदाराने ‘हाही तोच’ असे सांगून १२० रुपयांचा फिल्टर हातात ठेवला, तर शेजारच्या दुकानात नावाजलेल्या कंपनीचा ३४० रुपयांना होता. यांतला कोणता घ्यावा, आणि स्वस्त फिल्टर शोधायचा तर कोठे शोधावा? — एक वाचक, वाळपई

उत्तर : आधी ते साडेपाच हजारांचे बिल पुन्हा एकदा उघडून पाहावे. अडीच लिटरच्या डिझेल इंजिनात साधारण सहा लिटर तेल बसते. लिटरचा भाव ४०० रुपये धरला तरी २,४०० रुपये तेलाचेच झाले. उरलेल्या रकमेत मजुरी, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, ‘कन्झ्युमेबल्स’ या मोघम नावाखाली लावलेले दोन-तीनशे रुपये, आणि कोठेतरी एका ओळीत ऑइल फिल्टर सापडेल. आपण विचारलेल्या दोन फिल्टरांतला फरक २२० रुपयांचा आहे. वर्षातून दोनदा तेल बदलत असाल तर तो ४४० रुपयांवर जातो. ही रक्कम सोडून द्यावी असे मी म्हणणार नाही; पण १२० रुपयांच्या डबीत ती वाचवण्यापेक्षा मजुरीत आणि खरेदीच्या रीतीत ती अधिक वाचते, आणि तेथे वाचवताना इंजिनाला काही भोगावे लागत नाही.

शोधाची सुरुवात दुकानापासून नव्हे, पार्ट नंबरापासून करावी. जुन्या फिल्टरच्या अंगावर किंवा तळाला तो छापलेला असतो. पण मागच्या मिस्त्रीनेच चुकीचा फिल्टर बसवला असेल तर तीच चूक आपण पुढे चालवू. म्हणून एकदा गाडीचा १७ अक्षरी चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर जावे आणि त्या नंबरावरून निघालेला पार्ट नंबर वहीत लिहून ठेवावा. ‘अमुक पिकअपचा फिल्टर द्या’ एवढे सांगणे पुरेसे नसते, कारण नाव तेच राहून आतले इंजिन बदलते. टाटा योद्धाचेच पाहा : १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे नियम लागू झाले, त्याच्या आधीची योद्धा तीन लिटरची होती, नंतरची २.२ लिटरची आली. दोन्ही गाड्यांवर नाव एकच, पण एकीचा फिल्टर दुसरीला चालेल असे धरून चालता येत नाही.

नंबर हाती आला की दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडी बनवणाऱ्या कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत. ते फिल्टर बनवणाऱ्यांकडून घेतात आणि आपल्या छापाच्या खोक्यात घालून विकतात. फ्लीटगार्ड, माहले, मान, बॉश, इलोफिक ही नावे आपण दुकानांत पाहिलीच असतील. यांच्यापैकी प्रत्येकाचा कॅटलॉग असतो आणि त्यात गाडीच्या कंपनीच्या पार्ट नंबरासमोर त्यांचा स्वतःचा नंबर दिलेला असतो. आपल्याला हवा आहे तो हा जोडनंबर. तो जुळत असेल तर ३४० रुपयांचा फिल्टर घेण्यास माझी काही हरकत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला गेली कित्येक वर्षे असाच फिल्टर लागतो आहे. केवळ आकार पाहून ‘हाही तोच’ म्हणणाऱ्या दुकानदाराला मात्र नमस्कार करून पुढे जावे.

आकार सारखा असून काय बिघडते, असे पुष्कळजण विचारतात. बिघडते ते आट्यांत आणि आतल्या झडपांत. पाऊण इंची, इंचाला १६ आटे असलेला एक फिल्टर असतो आणि २० मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा दुसरा असतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची नळीवर चार आटे फिरतो, घट्ट बसल्यासारखाही वाटतो, आणि पुढे एखाद्या चढावर तेलाचा दाब वाढला की निसटतो. सगळे तेल रस्त्यावर जायला मग फार वेळ लागत नाही.

झडपांचे काम थोडे समजून घ्यावे लागेल. फिल्टरच्या तोंडाशी, बाहेरच्या बारीक भोकांच्या आत, रबराची एक पातळ चकती असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले तेल खाली, इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या चेंबरमध्ये ओघळू नये म्हणून ती असते. ती कडक झालेली किंवा हलक्या रबराची असेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी चावी फिरवल्यावर तेलाचा लाल दिवा नेहमीपेक्षा जास्त वेळ जळत राहतो आणि तेवढा वेळ इंजिन खडखडते. ज्या गाड्यांचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, तेलावर तरंगणाऱ्या बेअरिंगवर फिरतो, त्यांना ही रोजची काही क्षणांची कोरड महाग पडते. दुसरी झडप बायपासची. फिल्टरमधला तेल गाळणारा कागद चोंदला किंवा थंडीत तेल जाड झाले की ती उघडते, आणि इंजिन उपाशी राहण्यापेक्षा न गाळलेले का होईना, तेल पुढे जाऊ देते. ती किती दाबाला उघडावी हे इंजिनाप्रमाणे ठरलेले असते. हलक्या फिल्टरची स्प्रिंग लवकर नमली तर तेल कायमच आडवाटेने जाते, आणि गाडीत फिल्टर असूनही नसल्यासारखा होतो. बाहेरून यातले काहीच दिसत नाही, दिवाही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी असेच दोन वापरलेले फिल्टर, एक जोडनंबराचा आणि एक निनावी, मी फोंड्याच्या एका टर्नरकडे नेऊन लेथवर तोंडाशी कापून घेतले. घरी हॅकसॉने कापू नये. लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग तो इंजिनातून आला की पात्यातून, ते कळत नाही. जोडनंबराच्या फिल्टरमधला कागद काळा झालेला होता, पण घड्या ताठ होत्या आणि शेवटच्या दोन घड्यांच्या कडा पत्र्याच्या पट्टीने घट्ट चिमटलेल्या होत्या. निनावी फिल्टरमध्ये घड्या विरळ होत्या, तीन-चार ठिकाणी त्या एकमेकींवर लोळल्या होत्या, आणि टोकाला जेथे कागद चकतीला डकवलेला असतो तेथे नखाएवढी फट होती. तेलाला एवढी फट पुरते. बाहेरून दोन्हींचा रंग एक, उंची एक, आणि वजनातला फरक तर तळहातावर घेतल्याशिवाय कळलाही नसता. त्या दिवसापासून मी १२० रुपयांच्या डबीकडे वळून पाहिलेले नाही.

आता कोठे शोधावा ते. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी न नेताही कंपनीचा ओरिजिनल फिल्टर काउंटरवर सुटा मिळतो. तो घेऊन आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडून बसवून घेतला तर बिलातली मजुरी निम्म्याने तरी उतरते. जोडनंबराचा फिल्टर हवा असेल तर वाळपईहून म्हापशापर्यंत जाण्याआधी साखळी, डिचोली आणि उसगावची दुकाने पाहावीत. खाणींच्या ट्रकांमुळे त्या पट्ट्यात डिझेल गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यापार रुजला. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्याला फटका बसला खरा, पण आठवड्याला डझनभर फिल्टर घेणाऱ्या मालकांशी व्यवहार केलेला दुकानदार नंबराची भाषा समजतो. खोक्यावरची कमाल किरकोळ किंमत ही नावाप्रमाणे कमाल असते, तिच्यावर घासाघीस करण्यात संकोच वाटू देऊ नये. एक फिल्टर मागितला तर दहा रुपये सुटतील. गावातल्या तीन-चार पिकअपवाल्यांनी मिळून सहा-आठ एकदम घेतले तर सूट वेगळीच मिळते. भाजीसाठी चोर्ला घाटाने बेळगावला जाणे होतच असेल तर तेथील दुकानातही भाव विचारावा. मात्र कर वाचेल या आशेने मुद्दाम पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला किंवा सावंतवाडीला जाऊ नये. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि सुट्या भागांवरचा कर दोन्ही बाजूंना सारखाच झाला.

ऑनलाइन मागवायचा असेल तर विक्रेता कोण हे पाहावे, केवळ छायाचित्र पाहू नये. डबी हाती आल्यावर खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक आहे का ते तपासावे. पॅकबंद मालावर हे छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे. फिल्टरच्या अंगावरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. तोंडाची रबर रिंग खाचेत सारखी बसलेली आणि बोटाला मऊ लागली पाहिजे, आटे स्वच्छ कापलेले असले पाहिजेत. फसवले गेल्याची खात्री झाली तर पक्के बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आणखी एक सवय लावून घ्यावी : फिल्टर बसवल्यावर रिकामे खोके फाडूनच टाकावे. डुप्लिकेट माल भरण्यासाठी धड राहिलेल्या ओरिजिनल खोक्याला गिऱ्हाईक असते.

प्रश्न : मिस्त्रीने नवा फिल्टर बसवला आणि घरी पोहोचेपर्यंत अर्धे तेल रस्त्यावर सांडले. मिस्त्री म्हणतो फिल्टर डुप्लिकेट होता, दुकानदार म्हणतो मिस्त्रीला काम येत नाही. कोणाचे खरे मानावे? — एक वाचक, पेडणे

उत्तर : या भांडणात मी सहसा दुकानदाराच्या बाजूने असतो. जुना फिल्टर काढताना त्याची रबर रिंग पुष्कळदा इंजिनालाच चिकटून राहते. तेलाने काळी झालेली ती रिंग काळ्या लोखंडावर दिसत नाही, आणि नवा फिल्टर तिच्यावरच चढवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर बसल्या की गाडी उभी असेपर्यंत सगळे ठीक असते. इंजिन तापून दाब चढला की वरची रिंग घसरते.

हे मी दुसऱ्याचे ऐकून सांगत नाही. एका रविवारी घराच्या पडवीसमोर, पाऊस यायच्या आत काम उरकावे म्हणून मी स्वतःच तेल बदलले, इंजिन पाच मिनिटे चालवून पाहिले आणि हात धुऊन गाडी बाहेर काढली. दीड-दोन किलोमीटरवर लाल दिवा लागला. मागे वळून पाहतो तो रस्त्यावर ओल्या डांबरासारखी चमकती रेघ थेट घरापर्यंत. दिवा लागताच इंजिन बंद केले म्हणून निभावले. फिल्टर फिरवून काढला तर दोन रिंगा एकमेकींना बिलगलेल्या. त्यानंतर काढलेला जुना फिल्टर मी आधी उलटा करून पाहतो. रिंग त्याच्या तोंडाशी दिसली नाही तर ती इंजिनावर आहे, इतका साधा हिशेब.

बसवताना इंजिनाचा तो भाग फडक्याने पुसावा आणि नव्या रिंगेला बोटाने स्वच्छ तेल लावावे. फिल्टर सरळ उभा बसत असेल तर त्यात थोडे नवे तेल आधीच भरावे. रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि टेकल्यावर पुढे साधारण पाऊण फेरा द्यावा. नेमका आकडा बहुधा फिल्टरच्या अंगावरच छापलेला असतो. चेन पाना काढण्यासाठी आहे, घट्ट करण्यासाठी नाही. ज्या नव्या इंजिनांत लोखंडी डबी नसून प्लॅस्टिकच्या घरात नुसते कागदी एलिमेंट घालतात, तेथे एलिमेंटसोबत आलेली ओ-रिंग बदललीच पाहिजे आणि झाकण ठरलेल्या जोरापेक्षा जास्त आवळू नये; ते झाकण तडकते, आणि फिल्टरमध्ये वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट किंमत मोजावी लागते.

प्रश्न : तेल बदलून हजार किलोमीटरही झाले नाहीत, तोच तेल मोजायच्या पट्टीवर ते काळेकुट्ट दिसते. स्वस्तातला फिल्टर घेतल्याचे हे फळ समजावे का? गाडी फार फिरत नाही. चोडणहून रायबंदरला ये-जा, बाकी फेरीबोटीच्या रांगेत उभी. — एक वाचक, चोडण

उत्तर : तेल काळे पडण्याचा दोष फिल्टरला देऊ नये. डिझेल जळताना होणारी काजळी इतकी बारीक असते की कोणत्याही नेहमीच्या फिल्टरच्या कागदातून ती सहज पार होते. तिला गोळा होऊ न देता तेलातच तरंगत ठेवणे हे तेलातल्या रसायनांचे काम आहे. ते काम चालले आहे म्हणूनच तेल काळे दिसते. फिल्टर अडवतो ते धातूचे कण, वाळू, घट्ट झालेला गाळ.

आपल्या पत्रातली मला खरोखर खटकलेली गोष्ट रांगेची आहे. इंजिन चालू ठेवून उभे राहण्याचा हिशेब किलोमीटरचा मीटर ठेवत नाही, तेल मात्र ठेवते. एक तास नुसते चालू राहिलेले इंजिन ढोबळमानाने ४० किलोमीटर चालल्यासारखे धरतात. रोज दोन्ही बाजूंची मिळून अर्धा तास रांग धरली तर महिन्याला ६०० किलोमीटर मीटरबाहेरच चालले. शिवाय छोट्या अंतरात तेल पुरते तापत नाही, त्यामुळे पावसाळ्यात त्यातला ओलावा आणि न जळालेले डिझेल उडून जात नाही. म्हणून आपल्या गाडीला पुस्तिकेत ‘कठीण वापर’ म्हणून दिलेला कमी अंतराचा हिशेब लावावा; किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. बोट येताना दिसेपर्यंत इंजिन बंद ठेवावे, हे तर फुकटच आहे.

प्रश्न : माझी पिकअप अजून वॉरंटीत आहे. बाहेरून फिल्टर घेतला तर वॉरंटी रद्द होईल असे सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितले. हे खरे का? — एक वाचक, कुडचडे

उत्तर : भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुट्या भागांच्या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. पण त्या आदेशातला विचार आपल्या कामाचा आहे. बाहेर काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे त्यात म्हटले होते. हे झाले तत्त्व. प्रत्यक्षात इंजिन निकामी झाल्यावर ते कोणाच्या फिल्टरमुळे झाले हे सिद्ध करण्यात आपले सहा महिने जातील. तेव्हा वॉरंटी असेपर्यंत कंपनीचाच फिल्टर, पक्क्या बिलासह घ्यावा असे मी सुचवेन. बाहेर बदललाच तर बिलावर पार्ट नंबर, तारीख आणि मीटरचा आकडा लिहून घ्यावा. बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचे, कमी राख सोडणारे तेलच वापरावे. तेथे स्वस्त तेलाची चूक फिल्टरच्या चुकीपेक्षा महाग पडते.

प्रश्न : जुना फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा वापरता येतो का? आणि एका आड एका तेलबदलाला फिल्टर बदलला तर चालेल का? — एक वाचक, केपे

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. कागदात खोल रुतलेले कण धुऊन निघत नाहीत, आणि डिझेलने डिंक सुटतो. जुना फिल्टर तसाच ठेवला तर त्यातले पाव-अर्धा लिटर मळके तेल नव्या तेलात पहिल्याच मिनिटाला मिसळते.

काढलेला फिल्टर मात्र कुळागरात किंवा व्हाळात फेकू नये. तोंड खाली करून रात्रभर डब्यावर निथळत ठेवावा, निघालेले तेल चेंबरमधल्या जुन्या तेलात मिसळून झाकणाच्या कॅनमध्ये भरावे आणि जुने तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे ते पोहोचते करावे. वाशांना वाळवी लागू नये म्हणून जुने तेल फासण्याची पद्धत आपल्याकडे अजून दिसते. ज्या घराच्या वळचणीचे पाणी विहिरीकडे उतरते, तेथे तरी ती बंद करावी. निथळलेली रिकामी डबी भंगारवाला घेतो, आपल्याला चार-दोन रुपयेही देतो.